दुसऱ्या बाजूची सहावी पट्टी

हे आमच्या घरात घडलेलं आहे. आजवर घरातल्यांनी ते तोंडानंच सांगितलं, कोणी लिहिलं नाही. आज मी लिहिते आहे. जिथं मला माहीत नाही, तिथं माहीत नाही असंच लिहीन.

तारीख ८ एप्रिल १९७८. वार शनिवार. गाव रिसोड. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच मोडत होतं.

रात्र नव्हती.

दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर असं ऊन होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण ती माझ्या मावशीच्या वहीत शाईनं लिहिलेली आहे. खाली दोन रेघा मारलेल्या आहेत.

मावशीचं नाव भागिरथा. रिसोडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. मोजून बोलायची, आणि मोजल्याशिवाय काही मान्य करायची नाही. तिनं लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि तिची आई सोजरबाई, दोघीच.

सोजरबाईला अक्षरओळख जेमतेम होती, पण आवाज असा होता की तिनं पाळणा म्हणायला सुरुवात केली की भांडणारी माणसं गप्प बसत. आमच्या वस्तीतली चौदा एप्रिलची जयंती नऊ वर्षं तिच्या आवाजानं सुरू होत आली होती. तिच्याआधी माइकसमोर कोणी उभं राहत नसे.

भागिरथा मात्र गाणारी नव्हती. ती ऐकणारी होती.

तिला नाद होता सिनेमाच्या रेकॉर्डींचा. तोही गाण्यांचा नव्हे. सिनेमा बघून आल्यावर शाळेतल्या बायका गाणी गुणगुणत, आणि हिच्या डोक्यात भलतंच चाललेलं असे. नायिका जिना चढत होती तेव्हा सनई नेमकी कितव्या पायरीवर थांबली? पहिल्या प्रसंगातली सुरावट शेवटी संथ होऊन परत आली, ती कोणाच्या लक्षात आली का?

गाणी रेडिओवर लागत. हे पार्श्वसंगीत मात्र सिनेमाच्या डब्यात बंद होऊन गावाबाहेर निघून जायचं. रेकॉर्डवर यायची ती फक्त चार गाणी.

कधीतरी एखादी कंपनी त्याच सिनेमाची दुसरी, मोठी रेकॉर्ड काढायची. त्यात पार्श्वसंगीताचे तुकडेही असत. अशा रेकॉर्डी थोड्या निघत आणि त्याहून थोड्या खपत. भागिरथा त्यांना 'वाढीव' म्हणायची. हा शब्द तिचा तिनंच ठरवलेला होता. अकोल्यापासून नांदेडपर्यंत पत्रं लिहून तिनं अशा अकरा वाढीव रेकॉर्डी जमवल्या होत्या. त्या कपाटात उभ्या असत, आडवी एकही नाही. प्रत्येकीची वहीत नोंद असे. कोणत्या बाजूला किती पट्ट्या, कोणती पट्टी किती मिनिटं, किती सेकंद.

पट्टी म्हणजे काय, ते सांगते. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली की दोन तुकड्यांच्या मधे एक गुळगुळीत रेघ दिसते. दोन रेघांमधला भाग म्हणजे एक पट्टी. तुकडे किती आहेत, हे रेकॉर्ड न वाजवताच मोजता येतं.

एक रेकॉर्ड मात्र तिला दोन वर्षं मिळत नव्हती. त्या सिनेमाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सिनेमा पडलाच होता. पण त्यात एक प्रसंग होता. भर दुपारी एक बाई विहिरीच्या पायऱ्या उतरते. जलतरंगाचे तीन सूर वाजतात.

आणि मग... काहीच नाही.

त्या 'काहीच नाही'साठी भागिरथा वाशिमला जाऊन तो सिनेमा दोनदा बघून आली होती.

ती वाढीव रेकॉर्ड रिसोडातच होती. बाबूसिंगकडे.

बाबूसिंग लाऊडस्पीकरवाला. लग्न असो, सभा असो, भोंगे त्याचेच. रेकॉर्डींचा नाद असलेला गावातला दुसरा माणूस तोच, आणि दोघांचं मुळीच पटत नव्हतं. त्याच्या रेकॉर्डींवर ओरखडे असत, हळदीची बोटं असत. भागिरथाचं त्याला हसू यायचं. रेकॉर्ड लग्नात वाजवायले असते, वहीत लिवायले नाई, असं तो चारचौघांत म्हणायचा. ती रेकॉर्ड तो तिला लांबूनच दाखवायचा आणि परत पेटीत ठेवायचा. ऐकायला म्हणून सुद्धा देत नव्हता.

फेब्रुवारीत ती शेवटची मागायला गेली, तेव्हा त्याच्या बायकोनं, रुपाबाईनं, चहा दिला. रुपाबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. त्या दिवशी तिनं एक शब्द उच्चारला नाही. कप ठेवला, भागिरथाकडे एकटक पाहिलं आणि आत गेली.

घसा बसला तिचा, बाबूसिंग म्हणाला होता.

६ एप्रिलच्या गुरुवारी, दुपारी, फाटकाशी हाक आली.

"मास्तरीणबाई."

"ओ," आतून सोजरबाईनं लगेच ओ दिली.

बाबूसिंग उन्हात उभा होता. काखेत ती रेकॉर्ड होती. घ्या म्हणाला. ठेवूनच घ्या, मले नको. बदल्यात काय हवं, असं भागिरथानं विचारलं. काही नको म्हणाला. पण निघेना. दाराकडे पाहत राहिला.

"एक सांगा," तो म्हणाला. "तुमच्यात पहिल्याच हाकेले ओ देतेत, हे खरं हाये ना?"

"आत्ता ऐकलं ना तुमी."

"ऐकलं. म्हनूनच इचारलं."

'तुमच्यात' हा शब्द भागिरथाला लागला. तिला वाटलं, नेहमीचा टोमणा आहे. तिनं फाटक लावून घेतलं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या भागात जुनी माणसं पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबतात. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो, दुसरं जे असतं ते एकदाच मारतं, असं म्हणतात.

भागिरथाचे वडील, जानराव, मूळचे इंझोरीचे. छप्पन साली त्यांनी धम्म घेतला. घरातले अंगारे गेले, गंडे गेले, आणि तिसरी हाकही गेली. पण जानरावांचं कारण नुसतं अंधश्रद्धेचं नव्हतं. लहानपणी ते दुसऱ्यांच्या दारांपासून लांब उभं राहून हाका मारत असत. कधी पाण्यासाठी, कधी निरोपासाठी. आत माणसं असत. बोलणं ऐकू येई. ओ कोणी देत नसे.

"आपल्या दाराशी आलेल्याले दुसरी हाक मारा लागू नये," असं ते सांगायचे. वस्तीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी हे शिकवलं. ते वारल्यावरही वस्तीत ती रीत राहिली. कोणी हाक मारली की पहिल्याच हाकेला चार घरांतून ओ येई.

सगळ्या रिसोडला हे ठाऊक होतं.

बाबूसिंग गेल्यावर भागिरथानं रेकॉर्ड उजेडात नेली. वेष्टण साधं, पांढरं. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा शिक्का होता. एकच शब्द.

वाढीव.

तिला आधी राग आला. आपल्या शब्दाची बाबूसिंगनं थट्टा केली, असं वाटलं. मग तिनं बोटानं शिक्का घासून पाहिला. शाई जुनी होती. कागदात पार मुरलेली.

दुसऱ्या बाजूच्या लेबलवर पाच तुकड्यांची नावं छापली होती.

तिनं पट्ट्या मोजल्या... सहा होत्या.

परत मोजल्या. सहाच.

पाचवी पट्टी विहिरीच्या प्रसंगाची होती. जलतरंगाचे तीन सूर वाजले आणि पट्टी संपली. सुई सहाव्या पट्टीत शिरली.

काहीच नाही.

नुसती शांतता. पण कोरी शांतता नव्हे. मोठ्या, खोल जागेत असते तशी. भागिरथाला आनंद झाला. कंपनीनं ती शांततासुद्धा दिली होती! शाळेचं स्टॉपवॉच तिच्या हातात होतं. वहीत तिनं लिहिलं, सहावी पट्टी, अडतीस सेकंद. पट्टी संपते तिथून लेबलपर्यंतची कोरी जागा तिनं फूटपट्टीनं मोजली. चौतीस मिलिमीटर.

शुक्रवारी तिनं तीच बाजू परत लावली.

तीन सूर. मग शांतता.

मग... शेळीच्या गळ्यातली घंटी.

भागिरथानं खिडकीतून पाहिलं. शेजारच्या सीताबाईची शेळी बाभळीखाली बसली होती. रवंथ करत होती. मान हलत होती.

घंटी वाजत नव्हती.

घंटी रेकॉर्डवर वाजत होती.

मग कपडे वाळत घालायच्या तारेची करकर आली. मग त्यांच्याच फाटकाची कडी. भागिरथानं स्टॉपवॉच बंद केलं. चौऱ्याहत्तर सेकंद. कोरी जागा मोजली. बत्तीस मिलिमीटर.

तिनं हिशोब करून पाहिला. छत्तीस सेकंद म्हणजे वीस फेरे. वीस फेरे म्हणजे साधारण दोन मिलिमीटर. बरोबर जुळत होतं. ते जुळलं, याचीच तिला भीती वाटली. कारण रेकॉर्डवरची रेघ एकदा कोरली की कोरली. ती वाढत नाही.

त्या संध्याकाळी फाटक उघडलं, तेव्हा कडी वाजली नाही. सोजरबाईनं तेल घातलंस का म्हणून विचारलं. भागिरथानं घातलं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून ती घरी आली. रेकॉर्ड परत देऊन टाकावी, असं तिनं ठरवलं होतं. पण शास्त्र शिकलेलं माणूस दोनच नोंदींवर थांबत नाही. तिसरी नोंद हवी. एवढं एकदाच, म्हणून तिनं सुई ठेवली. सोजरबाई आत भाकरी थापत होती आणि हलक्या आवाजात पाळणा म्हणत होती. जयंतीला सहा दिवस उरले होते.

तीन सूर.

शांतता.

आणि लाइट गेली.

तबकडी मंद झाली... अजून मंद... थांबली. भागिरथानं सुई उचलून बाजूला ठेवली. घड्याळात पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं. तिला सुटल्यासारखं झालं.

आणि मग हाक आली.

"वो सोजर..."

बाईचा आवाज होता. ओळखीचा वाटावा असा, पण कोणाचा ते आठवू नये असा. तो फाटकाकडून आला नाही. खिडकीकडूनही आला नाही.

तो थांबलेल्या तबकडीकडून आला.

भागिरथा किंचाळणार होती. माय, ओ देऊ नको, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या घरात ती वाढली, तिथं हे वाक्य कधी कोणी बोललंच नव्हतं. ते तिच्या तोंडात वेळेवर आलं नाही.

"ओ," आतून सोजरबाई म्हणाली.

पिठाचे हात पदराला पुसत ती बाहेर आली. दाराकडे पाहिलं. भागिरथाकडे पाहिलं. कोनं हाक मारली, असं विचारायला तोंड उघडलं.

ओठ हलले.

आवाज आला नाही.

तिनं घसा साफ केला. त्याचाही आवाज नाही. खोकून पाहिलं. छाती हलली, खोकला ऐकू आला नाही. मग ती मुलीकडे बघून हसली. उन्हानं घसा धरला असेल, अशा अर्थानं गळ्याला हात लावला आणि मिठाचं पाणी गरम करायला आत गेली.

रात्रीपर्यंत तिनं सहा वेळा गुळण्या केल्या. गुळण्यांचाही आवाज नव्हता.

रविवारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले, लालीसुद्धा नाही. आठ दिवस बोलू नका म्हणाले. यावर सोजरबाईला हसू आलं, तेही मुक्यानंच.

घरी आल्यावर भागिरथानं रेकॉर्ड उजेडात तिरपी धरली.

पट्ट्या सात होत्या.

सातवी अगदी बारीक. केसाएवढी. तिनं सुई थेट तिथंच ठेवली.

"ओ."

एवढंच. तिच्या आईचा आवाज. पीठ मळताना असतो तसा, घाईतला, निष्काळजी. आणि त्यामागं ती मोठी, खोल जागा.

सोमवारी सकाळी बाजारात भागिरथाला एक आवाज ऐकू आला. कोणीतरी वांग्यांवरून माळणीशी तावातावानं भांडत होतं.

रुपाबाई होती.

दोन महिने जिनं एक शब्द काढला नव्हता, तिचा पट्टा सुरू होता. भागिरथाला पाहताच ती थांबली. तिनं पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून बोलता तुमी?" भागिरथानं विचारलं.

"परवापासून." रुपाबाईनं नजर चुकवली. "दुपारी एकाएकी तोंडातून आवाज आला. मले माहीत नव्हतं वो बाई, त्यानं ते कोनाच्या घरी नेऊन देलं ते. खरंच माहीत नव्हतं."

भागिरथा तशीच बाबूसिंगच्या दुकानात गेली. तो भोंगा पुसत होता. तिला बघून उठला नाही.

"तुमाले माहीत होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मंग आमचंच घर काहून?"

त्यानं फडकं खाली ठेवलं. आणि जे बोलला, ते अगदी सरळ बोलला. लपवावं असं त्याला काही वाटत नव्हतं. वाशिमला एका टुरिंग टॉकीजचा तंबू मोडला, त्या सामानात त्याला रेकॉर्ड मिळाली होती. रुपाबाई कामाच्या नादात होती, नावानं हाक आली, तिनं चुकून ओ दिली. मग तो दोन महिने रेकॉर्ड घेऊन हिंडला. मेव्हण्याकडे, मामाकडे, मित्रांकडे. सगळीकडे वाजवली. घरातल्या कोणाच्या तरी नावानं हाक यायची, बरोबर एकदा.

"कोनीच ओ देली नाई," बाबूसिंग म्हणाला. "सगळे तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसतेत. पहिल्या हाकेले ओ देनारे गावात तुमीच."

भागिरथा जायला वळली.

"तुमीबी देऊन टाका कोनाले," तो म्हणाला आणि परत भोंगा पुसू लागला. "तुमच्या लोकाइत तं लवकर जमन. सगळ्याइले तुमच्या बापानंच शिकवलं."

घरी येऊन तिनं हातोडी घेतली. रेकॉर्ड पायरीवर ठेवली. हातोडी उचलली, आणि तशीच धरून उभी राहिली. फोडली तर आईचा आवाज सुटेल की फुटेल? याचं उत्तर मिळवायचा प्रयोग एकदाच करता येणार होता.

हातोडी तिनं जागेवर ठेवली.

चार दिवस सोजरबाई घरात वावरत होती. पण घरात ती असल्यासारखी वाटत नव्हती. तिच्या बांगड्या वाजत. पावलं वाजत. पाळणा तेवढा नव्हता. भागिरथा रात्री पडून ऐकायची, आणि ऐकण्यासारखं काही नसायचं.

चौदा एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी पाच वाजता वस्तीत मांडव भरला. निळ्या पताका, पांढरी लुगडी, इंझोरीहून बैलगाड्यांनी आलेली माणसं. लाऊडस्पीकर दरवर्षीप्रमाणे बाबूसिंगचाच होता. तोच मशीनपाशी वायर जोडत होता.

भागिरथा मशीनपाशी जाऊन बसली. तिच्या हातात ती रेकॉर्ड होती.

तिनं हिशोब केला होता. मांडवात सहाशे माणसं. हाक एकाच्याच नावानं येईल, आवाज एकाचाच जाईल. तो कोणाचा, हे तिच्या हातात नव्हतं. म्हणजे तिनं कोणाला निवडलं, असं होत नव्हतं. सहाशेत एक. आणि मग तिची आई उठेल, माइकसमोर उभी राहील, आणि पाळणा म्हणेल.

बाबूसिंगनं सगळं ओळखलं. मशीनपासून दोन पावलं मागं सरकला. अडवलं नाही. सरावल्या हातानं आवाज तेवढा वाढवून दिला.

तिनं रेकॉर्ड लावली. तबकडी फिरू लागली. सुईचा दांडा तिनं उचलला.

समोर पहिल्या रांगेत तिची धाकटी बहीण वच्छला बसली होती. मांडीवर चार वर्षांची मुलगी. ती मुलगी नुकतीच वस्तीची रीत शिकली होती. कोणीही, कोणालाही हाक मारली तरी तीच आधी "ओ" म्हणायची, आणि सगळे हसायचे.

ती मुलगी मी.

दांडा तबकडीवर आला... खाली झुकला...

आणि त्यावर एक हात पडला.

सोजरबाई होती. तिनं दांडा जागेवर ठेवला. चालती तबकडी तळव्यानं थांबवली. मुलीच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. एकदाच. मग रेकॉर्ड काढून घेतली, पदराखाली धरली आणि जाऊन वच्छलाशेजारी बसली.

त्या वर्षी जयंती पाळण्यानं सुरू झाली नाही. सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. सोजरबाईचे ओठ हलत होते. मांडीवरच्या रेकॉर्डवर बोटांनी ती ताल धरत होती. तो ताल मला आठवतो, असं मला वाटतं. पण चार वर्षांच्या मुलीच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत.

बाबूसिंगनं त्यानंतर आमच्या वस्तीत भोंगा लावला नाही. कोणी त्याला बोलावलंही नाही.

सोजरबाई आठ वर्षं जगली. शेवटपर्यंत मुकी. वस्तीत कोणालाही खरं काय ते सांगितलं गेलं नाही. सांगितलं असतं, तर लोक पहिल्या हाकेला ओ द्यायचे थांबले असते. ते सोजरबाईला नको होतं, असं मावशी म्हणायची. रेकॉर्ड निळ्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेली होती. उभी.

सोजरबाई गेली त्या महिन्यात मावशीनं ती एकदा वाजवली. वहीतली ती शेवटची नोंद. मी जशीच्या तशी उतरवते.

'सातवी पट्टी. आई. सात मिनिटं वीस सेकंद. गाणं नाही. फक्त ओ देते आहे. पुन्हा पुन्हा. ज्या हाकेला देते आहे ती ऐकू येत नाही. थकल्यासारखी वाटते. लेबलपर्यंत कोरी जागा आठ मिलिमीटर.'

पुढं मावशीनं एकही रेकॉर्ड विकत घेतली नाही. ती वारल्यावर कपाट, वही आणि ट्रंक माझ्याकडे आली. मी ती रेकॉर्ड कधी वाजवलेली नाही. माझ्याकडे ती वाजवायचं मशीनच नाही. जागाही मोजलेली नाही. मावशीच्या स्टॉपवॉचला मात्र मी दर महिन्याला चावी देते. कशासाठी, ते सांगता येत नाही.

पहिल्या हाकेला ओ द्यायची रीत मी सोडली नाही. आजोबांना ज्या कारणासाठी ती लावावी लागली, ते कारण माझ्या भीतीपेक्षा मोठं आहे. फक्त ओ देण्याआधी हाक मारणाऱ्याचे ओठ बघायची सवय मला लागली होती.

गेल्या शनिवारी दुपारी लाइट गेली होती. मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते. मागच्या खोलीतून मुलीनं हाक मारली.

"आई..."

"ओ," मी म्हटलं. मान खालीच होती.

मग आठवलं. मुलगी दोन वर्षांपासून पुण्याला असते.

मागच्या खोलीत ट्रंक आहे.

तेव्हापासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करते आहे. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले, लालीसुद्धा नाही.

ट्रंक अजून उघडलेली नाही.

ही हकिकत मी आजवर वस्तीबाहेर पुष्कळांना तोंडानं सांगितली. लिहिली पहिल्यांदाच.